ताशी सात लिटर

मागच्या शनिवारी सकाळी नऊच्या आत जिवतीहून मामेभावाचा फोन आला. शनिवारी नऊच्या आत आमच्याकडे फक्त वाईट बातम्यांचे फोन येतात, म्हणून घाबरतच उचलला.

"दादा, हिशोब लागला. ताशी सात लिटर."

"कशाचा हिशोब?"

"विमानाचा ना गा!"

हुश्श. कुणी गेलेलं नव्हतं. अजून तरी.

ज्यांना जिवती माहीत नाही (म्हणजे आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातले सगळेच) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, माणिकगडाच्या पहाडावर, तेलंगणाला चिकटून असलेला तालुका. गोंड, कोलाम आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेली माणसं. ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही हक्क सांगतात आणि जिथले लोक दोन्हीकडे मतदान करतात म्हणून अधूनमधून पेपरात फोटो येतो, ती गावं इथलीच. खाली गडचांदूरला सिमेंटचे कारखाने, वर साग आणि कापूस. रस्त्याने चंद्रपूर गाठायचं तर घाट उतरून दोन-अडीच तास जातात. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर पन्नासेक किलोमीटर भरतं. हे पट्टीने मोजलेलं अंतरच आमच्या मामेभावाच्या डोक्यात गेलंय.

त्याचं तिथे गॅरेज आहे. हात सोन्याचे. नागपूरच्या भंगारातून त्याने कार्बोरेटरवाली जुनी एस्टीम आणली. इंजिन उत्तम निघालं. आता हे इंजिन बाहेर काढून, पुढे पंखा लावून दोन माणसांचं विमान करायचं, असा बेत आहे. इंजिनाची ताकद पासष्ट हॉर्सपॉवर. हेच कूळ जिप्सीतही होतं, म्हणजे ताडोबात जिच्यात बसून तुम्ही वाघ बघितला (किंवा बघितला नाही) तिच्यात. सुझुकीच्या या कुळातली इंजिनं अमेरिकेत लोकांनी घरी बांधलेल्या विमानांना खरंच बसवली आहेत आणि ती विमानं उडाली आहेत. त्यामुळे कल्पना वेडगळ नाही, हे आधीच कबूल करतो. कारचं इंजिन विमानाला लावायचा उद्योग फार जुना आहे. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल नावाच्या माणसाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं. त्या विमानाचे आराखडे घेऊन लोक आजही ते विमान बांधतात. पुढे फोक्सवॅगनची बीटल, सुबारू, होंडा असं बरंच काही उडून झालंय.

माझं भांडण इंजिनाशी नाहीच मुळी. माझं भांडण त्या सात लिटरशी आहे. आणि त्याहून जास्त, ते सात लिटर ऐकून "वा! देशी जुगाड!" म्हणणाऱ्यांशी.

सोमवारी जेवताना मी ही गोष्ट टेबलवर सांगितली. सहा जण होतो. सहाही इंजिनिअर, त्यातले दोन माझ्यासारखे मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणारे. एकाने विचारलं नाही की सात आले कुठून. उलट "च्यायला, ते फ्लाइंग क्लबवाले तेवीस लिटर जाळतात, हा सातात उडवतोय, याला फंडिंग द्या" इथपर्यंत गाडी गेली. म्हणून हे लिहायला बसलोय.

तर सात आले कुठून? मी त्याला विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. एस्टीम हायवेला ऐंशीच्या स्पीडला चौदाचं एव्हरेज देते. म्हणजे तासाला पावणेसहा लिटर. विमानाला थोडं जास्त लागेल म्हणून सव्वा लिटर वर धरलं. झाले सात.

बघा, गुणाकार-भागाकारात एकही चूक नाही. चूक त्याच्याही आधी आहे आणि ती आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. आपण एव्हरेज हा इंजिनाचा गुण समजतो, माणसाच्या उंचीसारखा. गाडी घेताना पहिला प्रश्न तोच. मारुतीने तर आपल्या या सवयीवर अख्खी जाहिरातमालिका केली होती. पण इंजिन किती पितं हे इंजिन फारसं ठरवत नाही, त्याच्याकडून किती काम मागता ते ठरवतं. ऐंशीच्या स्पीडला सपाट रस्त्यावर एस्टीमला जेमतेम सतरा-अठरा हॉर्सपॉवर लागतात. बाकीची ताकद बॉनेटखाली झोपा काढत असते. ओव्हरटेक करताना दहा सेकंद उठते, परत झोपते. गाडीचं इंजिन आयुष्यभर पावपट ताकदीवर जगतं. विमानाचं इंजिन टेकऑफला पूर्ण आणि नंतर तासन् तास पाऊणपट ताकदीवर चालतं. विमानाला उतार नाही, सिग्नल नाही, न्यूट्रल नाही.

आता एक आकडा देतो, तो वहीत लिहून ठेवा. पेट्रोलवर चालणारं कुठलंही ठीकठाक इंजिन एक हॉर्सपॉवर एक तास द्यायला साधारण ०.२८ लिटर पेट्रोल घेतं. पाव लिटरपेक्षा थोडं जास्त. खात्री करून बघू. फ्लाइंग क्लबात शिकायला असतं ते सेसना १५२. त्यात लायकमिंग कंपनीचं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, डिझाइन आपल्या आजोबांच्या काळातलं. पाऊणपट ताकद म्हणजे ८२ हॉर्सपॉवर. गुणा ०.२८ ने. तेवीस लिटर. ते खरंच तासाला तेवीसच्या आसपास पितं. दुसरं, ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२. डोक्याला पाण्याचं कूलिंग, शंभर हॉर्सपॉवर, जगभरच्या हलक्या विमानांचं लाडकं. कंपनीच्याच पुस्तकात पाऊणपट ताकदीला, म्हणजे ६९ हॉर्सपॉवरला, ताशी साडेअठरा लिटर दिलेत. भाग द्या. ०.२७. दोन वेगळे खंड, मध्ये जवळपास अर्ध्या शतकाचं अंतर, आणि फरक किती? तर दोन चहाच्या चमच्यांच्या आसपास प्रति हॉर्सपॉवर.

म्हणजे सात लिटरमध्ये किती हॉर्सपॉवर मिळतील? पंचवीस. एस्टीमचं इंजिन लावा, रोटॅक्स लावा, नाहीतर साक्षात विश्वकर्म्याने बनवलेलं लावा. पंचवीस.

आता विमानाला लागतात किती ते बघू. मामेभावाचं विमान, दोन माणसं, पेट्रोल, सगळं धरून साडेचारशे किलो. उघडी चाकं, दांडे, तारा, कापडाचे पंख. असलं विमान हवेत पुढे ढकलायला वजनाच्या सुमारे एक सप्तमांश जोर लागेल असं धरतो, म्हणजे चौसष्ट किलो. ताशी एकशेदहाच्या वेगाने हा जोर सतत लावायचा तर सव्वीस हॉर्सपॉवर. पण घरी घडवलेला पंखा इंजिनाची सगळी ताकद हवेला देत नाही, शंभरातले पासष्ट दिले तरी नशीब. म्हणजे इंजिनाकडून चाळीस. हे फक्त सरळ, आहे त्या उंचीवर राहायला. वर चढायचं, सेकंदाला फक्त दोन मीटर, तर आणखी अठरा. एकूण अठ्ठावन्न.

सात लिटर पिणारं विमान धावपट्टीवर छान धावेल. माणिकगडाच्या पहाडावरून ढकललं तर काही वेळ हवेतही राहील. उडणार नाही.

हे मी त्याला सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पण दादा, त्या व्हिडिओतल्या माणसानं तं बारा लिटर मोजून दाखवले. ते कसे?"

प्रश्न चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. त्या व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नसावा. फक्त त्याने पंखा सरळ इंजिनाच्या शाफ्टला जोडला असणार. आता पंख्याची एक अडचण असते. पावणेदोन मीटरचा पंखा साडेपाच हजार आरपीएमने फिरवला तर त्याचं टोक आवाजाच्या वेगाच्या बरंच पुढे जातं आणि पंखा हवा ढकलायचं सोडून नुसता बोंबलतो. त्याला अडीच-तीन हजारांच्या आतच ठेवावं लागतं. पण एस्टीमची पासष्ट हॉर्सपॉवर येते ती सहा हजारांच्या आसपास. तीन हजारांवर तिच्याकडे असतात जेमतेम चाळीस. चाळीस गुणिले ०.२८ म्हणजे अकरा-बारा लिटर! आकडा खरा, अर्थ खोटा. इंजिन काटकसरी नव्हतं, ते अर्धपोटी होतं. त्या बारा लिटरमध्ये विमान जेमतेम तरंगतं, चढत नाही. चढवायचं तर इंजिन वेगात आणि पंखा हळू फिरवायला मध्ये बेल्ट किंवा गिअर टाकावा लागतो, पासष्टच्या पासष्ट हॉर्सपॉवर बाहेर येतात, आणि पिणंही बरोबर वर जातं. पाऊणपटीला चौदा लिटर. तेवढीच ताकद रोटॅक्सकडून घेतली तर तेही तेरा-चौदाच पिईल. झालं, फिटंफाट.

इतकंच नाही, तो बेल्ट, तो रेडिएटर, त्यातलं पाणी, हे सगळं घेऊन कारचं इंजिन रोटॅक्सपेक्षा सहज वीस किलो जड होऊ शकतं. वीस किलो म्हणजे सत्तावीस लिटर पेट्रोल. म्हणजे दोन तासांचं उड्डाण तुम्ही लोखंडाच्या रूपात घेऊन फिरताय.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आमच्यातले एक-दोन ऑटोमोबाइलवाले मला सोडणार नाहीत. नव्या कार इंजिनांचे काही फायदे अगदी खरे आहेत. त्यांचं कॉम्प्रेशन जास्त असतं. लायकमिंगसारखी हवेने थंड होणारी इंजिनं टेकऑफला आणि चढताना मुद्दाम जास्तीचं पेट्रोल आत घेतात, कारण ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला हे करावं लागत नाही. शिवाय जुन्या विमानात हवा-पेट्रोलचं प्रमाण पायलटने हाताने दांडी ओढून कमी करायचं असतं. शिकाऊ मंडळी (आणि बरेच आळशी न-शिकाऊ) ती दांडी पुढेच ठेवून उडवतात आणि पाचातलं एक लिटर फुकट धुरात घालवतात. इंजेक्शनवालं कार इंजिन हे काम आपोआप करतं. तेव्हा नीट बसवलेलं नवं कार इंजिन पाच-दहा टक्के वाचवू शकेल, हे मी मानतो. त्यातलं थोडं रेडिएटर हवेच्या अडथळ्यात परत खातो. पण पाच-दहा टक्के. अर्धं नाही, तिसरा हिस्सा तर नाहीच. आणि आमच्या बंधुराजांचं इंजिन कार्बोरेटरचं, त्यामुळे त्यांना हेही लागू नाही.

अर्ध्याच्या जवळ जाणारी बचत कुणी केलीच नाही का? केली. जर्मनीतल्या थीलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या छोट्या ए-क्लास कारचं १.७ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं, त्यावर गिअरबॉक्स बसवला आणि २००२ मध्ये विमानासाठी त्याचं रीतसर सर्टिफिकेट मिळवलं. डिझेल खरंच कमी पितं, हॉर्सपॉवरमागे तासाला ०.२ लिटरच्या आसपास. सेसना १७२ला ते लावलं की बत्तीस लिटरच्या जागी वीसच्या आत-बाहेर, आणि तेही विमानतळावर सहज मिळणाऱ्या जेट इंधनावर. कारचं इंजिन विमानात घालून इंधन वाचवायचं म्हणजे काय, याचा हा सगळ्यात मोठा, सगळ्यात गंभीर प्रयोग. मर्सिडीजचं इंजिन, जर्मन इंजिनिअर, सगळी सर्टिफिकेटं.

मग काय झालं? इंजिनाला विशेष काही झालं नाही. गिअरबॉक्स दर तीनशे तासांनी काढून तपासायला पाठवावा लागायचा. इंजिनाचं आयुष्य संपलं की ते दुरुस्त होत नसे, बदलायचंच. डिझेलमध्ये वाचलेले पैसे तिकडे गेले. मार्च २००७ मध्ये जर्मनीतच श्पायरला या इंजिनांचं दोन इंजिनी विमान उडालं, बॅटरी उतरलेली होती, चाकं आत घ्यायला मोटर सुरू झाली तशी वीज खाली गेली, आणि इंजिनांचे कॉम्प्युटर बंद पडून दोन्ही इंजिनं एकदम थांबली. जुन्या लायकमिंगला मॅग्नेटो असतो, बॅटरी मेली तरी ते चालू राहतं. एप्रिल २००८ मध्ये थीलर्ट दिवाळखोरीत गेली. पुढे चिनी मालकीच्या काँटिनेंटलने ते काम विकत घेऊन चालू ठेवलं, इंजिनं सुधारली, आज ती व्यवस्थित उडतात. पण कारच्या इंजिनाची 'स्वस्त' बचत पदरात पाडून घ्यायला किती वर्षं आणि किती युरो लागले ते बघा. मामेभावाकडे एक लेथ आहे आणि एक वेल्डिंग मशीन.

आता पैशाचं बोलू, कारण आपल्या पिढीला शेवटी ईएमआयच्या भाषेतच कळतं. समजा कार इंजिनाने खरंच तासाला दीड-दोन लिटर वाचवले. हौशी माणूस वर्षात किती उडेल? पन्नास तास म्हणजे खूप झाले. पन्नास गुणिले दोन, शंभर लिटर. वर्षाला दहा-साडेदहा हजार रुपये. आमच्या टेबलवरच्या सहाही जणांच्या मोबाइलचा हप्ता याहून जास्त आहे. कार इंजिनात वाचतं ते इंजिनाच्या किमतीत. नवं रोटॅक्स वीसेक लाखांच्या घरात, भंगारातली एस्टीम त्याच्या एका कोपऱ्यात. हे कारण खरं आहे, सरळ सांगावं. "माझ्याकडे वीस लाख नाहीत" यात लाजण्यासारखं काय आहे? पण आपण ते सांगत नाही. आपण एव्हरेज सांगतो. कारण 'पैसे नाहीत' हे रडगाणं वाटतं आणि 'ताशी सात लिटर' हा शोध वाटतो.

यावर दुसरं ठेवणीतलं उत्तर येतं ते असं, की विमानाचं पेट्रोल महाग आणि मिळत नाही, कारचं इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालतं. पहिला भाग शंभर टक्के खरा. विमानाचं १०० एलएल पेट्रोल आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. इंडियन ऑइलने ते देशात तयार करून २०२२ च्या सप्टेंबरात बाजारात आणलं, तरी ते मोजक्या ठिकाणीच मिळतं. जिवतीत मिळायचा प्रश्नच नाही. चंद्रपूरला मोरव्याला धावपट्टी आहे. राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावला मोठा विमानतळ करायचा बेत बरीच वर्षं वनजमिनीच्या परवानगीत अडकून पडला होता. थोडक्यात, पेट्रोल पंपाचंच.

पण पंपावर आता काय मिळतं? २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल. रोटॅक्स पंपाचं पेट्रोल चालवून घेतं, पण त्यांची मर्यादा दहा टक्के इथेनॉलची. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे या मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के घट. कार इंजिनाने वाचवलेले ते पाच-दहा टक्के आठवतात ना? गेले. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त पाणी झालं आणि थंडी पडली की ते पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाला जाणारी नळी तळाशीच असते. आणि पंचाण्णव सालच्या आसपासच्या कार्बोरेटरमधली रबरी वॉशरं इथेनॉलसाठी बनलेलीच नव्हती. रस्त्यावर एस्टीम गचके खात थांबली तर आपण बाजूला घेतो आणि कंपनीला शिव्या देतो. जमिनीपासून पाचशे मीटरवर बंद पडली तर असल्या विमानाला साडेतीन किलोमीटरच्या आत उतरायची जागा शोधावी लागते. जिवती ते गडचांदूरमध्ये साडेतीन किलोमीटरच्या टप्प्यात काय असतं ते मी बालपणापासून बघत आलोय. साग असतो.

मला यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा तो मुलगा आठवतो. चोवीस वर्षांचा, पत्र्याची कामं करणारा. त्याने मारुती ८०० चं इंजिन लावून एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं. १५ ऑगस्टला सगळ्यांना दाखवायचं म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये रात्री चाचणी घेत होता. पातं तुटलं आणि त्याच्या डोक्यावर आलं. तो उडालाही नव्हता, जमिनीवरच होता. यात पेट्रोलचा काही संबंध नाही, इंजिनाचाही नाही, हे स्पष्ट करतो. पण त्या बातम्या मी वाचल्या तेव्हा मी स्वतः आधी काय शोधलं, तर खर्च किती आला आणि कुठलं इंजिन. पातं कशाचं होतं, जोडणी कशी होती, किती आरपीएमला तपासलं होतं, बाजूला कोण उभं होतं, हे मला सुचलंही नाही. मी, मेकॅनिकल इंजिनिअर, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. पेपरांनी त्याला 'रँचो' म्हटलं, आम्ही हळहळून ते फॉरवर्ड केलं आणि पुढच्या व्हिडिओकडे वळलो. त्या मुलाला कौतुकाची कमी नव्हती. त्याला कमी होती ती एका कटकट्या माणसाची, जो म्हणाला असता, "थांब, आधी हे पातं वाळूच्या पोत्यांमागे उभं राहून दुप्पट वेगाने फिरवून दाखव."

याच महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त ते सगळ्यांनी बघितलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवायचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि चाचणी उड्डाण झालं २०२० मध्ये धुळ्याला. त्यांनी तर पहिलं विमान १९९८ च्या सुमारास बांधायला घेतलं होतं. डीजीसीएच्या नावाने खडे फोडायला मीही पुढे असतो, आणि बरेचसे फोडण्यासारखेच असतात. पण ते स्वतः व्यावसायिक पायलट होते, आणि तरी गच्चीपासून धुळ्यापर्यंत वीस वर्षं लागली. आमचे बंधुराज दिवाळीत उडणार आहेत.

मला त्याला थांबवायचं नाहीये. खरंच. मामी म्हणते थांबव, मामा म्हणतात त्याच्या डोक्यात हवा गेलीय ती काढ. मला उलट वाटतं की जिवतीत बसून कुणीतरी पंखा, बेल्ट आणि हॉर्सपॉवरबद्दल रोज विचार करतंय, हे आमच्या स्टँडअप मीटिंगपेक्षा हजारपट इंजिनिअरिंग आहे. फक्त मला त्याला खोट्या आकड्यावर चढलेला बघायचं नाही. सात लिटर मान्य केले की टाकी छोटी होते. टाकी छोटी झाली की विमान कागदावर हलकं होतं. हलकं झालं की लहान पंख चालतात, पंखा सरळ शाफ्टला चालतो, बेल्टची कटकट जाते. एका चुकीच्या आकड्यावर अख्खं विमान उभं राहतं, आणि प्रत्येक पायरी बरोबर दिसते. सॉफ्टवेअरमध्ये आपण असल्या प्रकाराला बग म्हणतो आणि सोमवारी पॅच टाकतो.

मग मी त्याला गणित शिकवायचा नाद सोडला आणि एक काम दिलं. एस्टीममधून इंजिन अजून काढलेलं नाही ना? मग पाण्याची अर्धा लिटरची बाटली घे. बॉनेटच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब, पक्की बांध. टाकीची नळी काढून कार्बोरेटरला बाटलीची जोड. आग विझवायचा सिलिंडर मांडीवर घेऊन एक माणूस शेजारी बसव. आधी सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडने बाटली किती वेळ पुरते ते मोज. मग चार माणसं आणि सिमेंटच्या तीन गोण्या घालून घाटाच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबून परत मोज. तो घाट म्हणजे तुझं टेकऑफ.

काल रात्री साडेदहाला मेसेज आला. जसाच्या तसा देतो.

"सपाटीला ७ मिनिट ४० सेकंद. घाटात १ मिनिट ५५. म्हणजे तासाला पंधराच्या वर गेलं ना गा दादा. दोनदा केलं, तेवढंच आलं. आणि वर पोचलो तं टेंपरेचरचा काटा लालमध्ये होता, पाणी उकळून रायलं होतं. हे दोन मिनिटांत. एक तास कसं चालन? रेडिएटर मोठा टाकू का?"